जित्या माणसांच्या तसबिरी

माझा धाकटा भाऊ चित्रकार आहे. हे वाक्य मी आजवर बँकेच्या रांगेत, एसटीत शेजारी बसलेल्या बायांना, दवाखान्यात नंबराची वाट बघताना, इतकंच काय, भाजीवाल्यालाही ऐकवलं आहे. ऐकणाऱ्यानं नुसतं "असं का?" म्हटलं की मला राग येतो. पुढं विचारा की माणसानं! काय काढतो, कुठं शिकला, कुणाची काढतो. आमच्या घराण्यात त्याच्या आधी कुणी रंगाचा ब्रश हातात धरला नव्हता. धरला असेल तर चुन्याचा कुंचला, तोही दुसऱ्याच्या भिंतीसाठी. तेव्हा मी जरा मिरवले तर काय बिघडलं?

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी नुकतीच लिपिक म्हणून लागले होते. नवा जिल्हा म्हणजे काय, तर माणसं जास्त, टेबलं कमी आणि जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेले फायलींचे ढीग. आमचं ऑफिस एका भाड्याच्या घरात होतं. जावक विभाग, म्हणजे मी, स्वयंपाकघरात बसायची. ओट्यावर कागदांचे गठ्ठे, मोरीत तुटक्या खुर्च्या. शहरातली एकूण एक पाटी बदलायची होती, कारण प्रत्येक पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव. त्यामुळं पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत नव्हती.

"बाई, तुमचा भाऊ पेंटर आहे ना? चांगले दिवस आले की त्याला," आमचे हेडक्लार्क म्हणाले.

"पेंटर नाही, चित्रकार," मी म्हटलं.

"तेच ते."

त्या 'तेच ते'नं माझा अख्खा दिवस नासला. खरं सांगायचं तर सुट्टीत आला की भाऊ पाट्याही रंगवायचा, रंग आणि कागद काय फुकट मिळतात? आमच्या ऑफिसची पाटी त्यानंच रंगवली होती. तिच्यावरचं 'जिल्हा लातूर' हे अक्षर इतकं ताठ आणि देखणं होतं की मी रोज आत शिरताना मान वर करून बघायची. तरी तो चित्रकारच. नांदेडला राहून, एका वेळच्या डब्यावर दिवस काढून तो चित्रकला शिकत होता, आणि ते शिक्षण पाट्यांसाठी नव्हतं.

जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच आला. शहरात टँकरमागं घागरी धावायच्या. आमचं गाव मुरुडच्या बाजाराच्या अंगाला, तिथं तर विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरत. शेतं मोकळी पडली आणि सगळं गाव रोजगार हमीच्या कामावर गेलं. रस्त्यासाठी खडी फोडायची. आमचे आबा सातवी शिकलेले, हिशेबाला चोख, म्हणून त्यांना तिथं मुकादम केलं होतं. आमच्या बौद्ध वस्तीतला माणूस मुकादम, आणि त्याच्या हाताखाली खडी फोडायला वस्तीबरोबर गावातल्या जमीनवाल्यांच्या घरचीही माणसं. काहींना ते सुरुवातीला जड गेलं. पण ऊन सगळ्यांना सारखं लागत होतं, आणि आबा कुणाला अरेतुरे करत नसत. हळूहळू लोकांना त्यांची सवय झाली.

त्या उन्हाळ्यात भाऊ नांदेडहून घरी आला तो कागदांची गुंडाळी, लाकडी फळी आणि रंगांची पेटी घेऊन. सकाळी आबांबरोबर कामावर जायचा आणि एका बाभळीच्या विरळ सावलीत बसायचा. आमच्या मायला त्याचं काही कळेना.

"उन्हात बसून दगडं काढून राह्यला म्हणं! आरं, दगडंच काढायचे तर घमेलं घे, हजेरी तरी लागंल."

दगड त्यानं भरपूर काढले. आभाळही काढलं. त्या दिवसांतली त्याची निसर्गचित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती आवडली नाहीत, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आटलेल्या तलावाचा तळ, त्यावर राखेच्या रंगाचं आभाळ. मुरुडकडून येणारा रस्ता, धुळीत अर्धा बुडालेला टँकर. भोकरकडच्या उघड्या टेकड्या, नांदेडला गोदावरीच्या घाटाखाली उरलेली पाण्याची एक निळसर चिंधी. लातूरच्या बाहेर अर्धवट उभी राहिलेली सरकारी इमारत आणि तिच्यामागं आजाऱ्याच्या डोळ्यासारखा पिवळा मावळता सूर्य. मी म्हटलं, "अरे, लोकांनी घरात लावावं असं काहीतरी काढ. एखादा ढग तरी टाक."

"आक्का, ढग दिसला की टाकतो," तो म्हणाला.

पुढं मी तीच चित्रं रोज बघत गेले, आणि मला त्यांत वेळ कळायला लागली. ही सकाळ, हा दुपारचा चटका, ही संध्याकाळची, पाऊस येईल म्हणून उगाच थांबलेली हवा. आम्ही तेच आभाळ रोज बघत होतो, पण तोंड वर करून शिव्या द्यायलाच. त्यानं ते नीट पाहिलं होतं.

माणसांची चित्रं काढायची म्हटल्यावर मात्र गाडं अडलं. आमच्या भागात माणसाचा चेहरा भिंतीवर लागतो तो माणूस गेल्यावर. कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून त्याचं डोकं कापून घ्यायचं, मुरुडच्या स्टुडिओत ते मोठं करून आणायचं, स्टुडिओवाला डोळे काळे आणि ओठ लाल करून द्यायचा, मग काच, चौकट, खिळा आणि हार. जित्या माणसाची तसबीर भिंतीला म्हणजे त्याला आधीच वाटेला लावणं. आमच्या वस्तीनं धर्मांतरानंतर नवस सोडले, उपास सोडले, अंगात येणं सोडलं. या भिंतीचं मात्र कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं, ते तसंच चालू होतं.

त्यामुळं भावानं कागद पुढं केला की लोक तोंड फिरवायचे. शेवटी वाट मोकळी केली ती एका म्हाताऱ्या काकूंनी. जमीनवाल्या घरच्या, डोक्यावरचा पदर खडी फोडतानाही ढळू न देणाऱ्या. हातोडी बाजूला ठेवून त्या भावासमोर येऊन बसल्या.

"काढ रे लेकरा. पण गावात भिताडाला लावायचं न्हाई. मला आजून नातवाचं लगीन बघायचंय."

"गावात नाही लावत काकू. लातूरला लावीन."

काकूंनी विचार केला. "लातूरला लाव. तिथं मेले तरी हितं कुणाला कळतंय!"

सगळी रांग हसली आणि भीती गेली. मग एकेक जण जेवणाच्या सुट्टीत येऊन बसायला लागला. भाऊ त्यांना 'हसा' म्हणायचा नाही, 'असं बघा, तसं बघा' म्हणायचा नाही. ते दमून बसायचे आणि तो त्यांचं दमणं काढायचा. पण त्या चेहऱ्यांत रडगाणं नव्हतं. काकूंच्या चित्रात त्यांच्या हनुवटीवरचं गोंदण असं उतरलं होतं, की आता ही बाई तोंड उघडून कुणाची तरी उणीदुणी काढणार असं वाटावं.

आबांचं चित्र त्यानं शेवटी घेतलं. आबांनी त्यासाठी ट्रंकेतून कोट काढला. त्या कोटाबद्दल सांगायला हवं. काळा, जाड कापडाचा, मी मॅट्रिक झाले त्या वर्षी शिवलेला. विहारातल्या कार्यक्रमाला आणि लग्नाला तेवढा अंगावर चढायचा. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना चांगला कपडा घालून गावातून चालायची चोरी होती, त्यांच्या घरी कोट हा नुसता कपडा नसतो. ऐन उन्हाळ्यात आबा गळ्यापर्यंत बटणं लावून अंगणात खुर्चीवर बसले, घामानं निथळत. भावानं कोळशानं काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. मग फळी खाली ठेवली.

"आबा, कोटात तुम्ही फोटोतल्यासारखे होता."

"मंग? फोटूतल्यासारखंच पायजे की."

भावानं कोळसा पेटीत टाकला. नांदेडला गेला आणि तिथं खोलीत बसून त्यानं त्याच्या मनातलं चित्र रंगवलं. दुसऱ्या खेपेला ते घेऊन गावी आला तेव्हा मीही रविवार म्हणून घरी होते. चित्र एवढं मोठं की दारातून तिरपं करून आत आणावं लागलं. भर दुपारी खडीच्या ढिगावर बसलेले आबा. धोतर गुडघ्यापर्यंत, अंगात बंडी, धुळीनं पांढरा झालेला टॉवेल डोक्याला. दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे, आणि नजर सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. त्या नजरेला नजर देऊन उभं राहायला मला थोडा वेळ लागला. मला ते अतिशय आवडलं.

आबांनी ते वरून खाली, खालून वर पाहिलं. चौकटीखाली भावानं कागदाची एक पट्टी चिकटवली होती, 'दुष्काळ - पाच'. आबांनी ती वाचली.

"जित्या माणसाला भिताडाला टांगतूस, टांग. म्या त्येला भेत न्हाई. पण टांगायचं तर कोट घालून टांग. असा उघडा-वागडा कामून? अन् हे काय लिव्हलंस? माजं नाव दुष्काळ हाय का? तेबी पाच नंबरचा?"

"आबा, नाव लिहिलं की लोक नाव वाचतात आणि पुढं जातात. तुमच्या चेहऱ्यात त्यांना सगळ्या मराठवाड्याचा दुष्काळ दिसला पाहिजे."

"दुष्काळ बघायला आभाळ हाय की! तेवढं काढलंस तू. त्येच्यापायी माजं तोंड कशाला?" आबा उठले. "म्या येत न्हाई तुज्या त्या प्रदर्शनाला."

आबा एकदा नाही म्हणाले की ते दगडावरची रेघ. आणि इकडं मी लातुरात एका शाळेचा हॉल मिळवून बसले होते. सहज मिळाला नव्हता, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसून बसून मिळाला होता. भावाचं पहिलं प्रदर्शन. येणारे येतील, बघणारे बघतील, पण माझ्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती. त्या हॉलच्या मोठ्या दारातून आबा आत येताहेत आणि त्यांच्या मुलाचं काम बघायला शहरातली माणसं उभी आहेत. ते झालं नाही तर माझ्या लेखी त्या सगळ्या उपद्व्यापाला काही अर्थ नव्हता. चित्रं काय, नांदेडला खोलीतही भिंतीला टेकून होतीच.

भाऊ चित्रं घेऊन माझ्या लातूरच्या खोलीवर आला. गोधड्यांत बांधून, एसटीच्या टपावर घालून आणलेली. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "मयत कोण?" मला हसू आलं, पण मी ते गिळलं, कारण मला भांडायचं होतं.

"तू आबांचं नाव लिही," मी म्हटलं.

"आक्का, तुला चित्रातलं कळत नाही."

"मला आबांमधलं कळतं. जन्मभर त्यांना लोकांनी काय काय म्हणून हाक मारली ते तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं आहे. आत्ता कुठं लोक त्यांना पुऱ्या नावानं ओळखायला लागले, आणि तू, पोटचा पोरगा, त्यांना नंबर लावतोस?"

तो रागानं बाहेर निघून गेला. मीही स्वयंपाक केला नाही. संध्याकाळी परत आला तेव्हा हातात जाड पांढऱ्या कागदाचा ताव होता.

"एकट्या आबांचं नाव लिहिलं तर बाकीचे काय दुष्काळ आहेत का? लिहायची तर सगळ्यांची लिहू. आणि तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

असा भाऊ आहे माझा. हरतानाही आपल्यापेक्षा दोन पावलं पुढं जाऊन हरतो. मी पट्ट्या कापल्या आणि लिहायला बसले. सरकारी हात, सवयीनं पुरुषांआधी 'श्री.' आणि बायकांआधी 'श्रीमती' पडत गेलं. मग पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका आणि खाली नव्या कोऱ्या दिमाखात 'जिल्हा लातूर'. दुसऱ्या दिवशी आबांची पट्टी घेऊन मी गावी गेले. त्यांनी ती हातात धरून दोनदा वाचली.

"अन् कोट?"

"कोट तुम्ही अंगात घालून या."

त्यांनी पट्टी मला परत दिली. येतो असं काही म्हणाले नाहीत. मी परतीच्या गाडीत जीव मुठीत धरून बसले.

हॉलमध्ये चित्रं लावताना आबांचं चित्र बसेल अशी एकच भिंत निघाली, दारासमोरची. समईचं टेबलही तिथंच, कारण बाकी फरशी उखडलेली. भावाला पूजा-बिजा नको होती, पाहुण्यांनी येऊन चित्रं बघावीत एवढंच त्याचं म्हणणं. पण शाळेतले शिपाईमामा जुने. आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम प्रतिमेला हार घातल्याशिवाय सुरू होत नाही, हे त्यांच्या रक्तातच. मला न विचारता ते गंजगोलाईच्या बाजारात जाऊन हार घेऊन आले. दुष्काळात फुलं कुठली? झेंडू मोजके आणि मध्ये अशोकाची पानंच पानं. हार एकच मिळाला होता. मी पाहिला आणि मला वाटलं, पाहुण्यांच्या गळ्यात घालायला असेल.

पाहुणे म्हणजे जिल्ह्यातले एक पुढारी. त्या दिवसांत लातुरात रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन असायचं, आणि आमच्या आधी ते आणखी कुठली तरी फीत कापून आले होते. यायला उशीर झाला होता. तोवर गावाकडची मंडळी जीप करून येऊन पोचली होती. काकू, माय, खडीवरचे सगळे. आणि त्यांच्यामागून, गळ्यापर्यंत बटणं लावून, काळ्या कोटात आबा. मी दारातच होते. मला रडू फुटेल असं वाटलं म्हणून मी मायच्या हातातली पिशवी उगाच ओढून घेतली. ते आत आले आणि गर्दीमागं भिंतीला पाठ लावून उभे राहिले. चित्राजवळ गेले नाहीत.

तेवढ्यात पाहुणे आले. दारातून शिरल्या शिरल्या समोर मोठी तसबीर, खाली पेटलेली समई, बाजूला तबक. त्यांनी सवयीनं चपला काढल्या. शिपाईमामांनी सवयीनं हार पुढं केला. पाहुणे स्टुलावर चढले, आमच्या आबांच्या तसबिरीला हार घातला, खाली उतरून हात जोडले आणि डोळे मिटले. भाऊ कागदासारखा पांढरा पडला होता. पाहुण्यांनी डोळे उघडले, माझी पट्टी वाचली आणि लोकांकडं वळून बोलायला लागले.

"बंधू-भगिनींनो, मराठवाड्याच्या मुक्तीसाठी या मातीतल्या किती माणसांनी आपलं आयुष्य वेचलं! त्यांतलेच हे..." आणि त्यांनी आबांचं पूर्ण नाव घेतलं, 'श्री.'सकट, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, काही न गाळता. "आज ते आपल्यात नाहीत. पण त्यांची ही नजर बघा! आपण सगळे दोन मिनिटं उभं राहून..."

सगळे उभेच होते, ते आणखी ताठ झाले. मायनं "अगं माय गं" म्हणून तोंडाला पदर लावला. काकूंनी तिचा दंड धरला. आणि त्या शांततेत आबा पुढं निघाले. त्यांचा कोट बघून लोकांना वाटलं, कुणी साहेब आहेत, म्हणून वाट देत गेले. आबा पाहुण्यांसमोर जाऊन थांबले.

"साहेब, म्या जित्ता हाय."

पाहुण्यांनी कोटाकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं, पुन्हा कोटावरच्या चेहऱ्याकडं पाहिलं. कुणीतरी मागं फिसकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. पाहुण्यांचं एक सांगते, ते रागावले नाहीत. कानापर्यंत लाल झाले, "माफ करा, माफ करा" म्हणत हार काढायला स्टुलावर चढायला लागले. आबांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. मेल्यावर घालतेत तो हार कुणाला दिसतंय? जितेपणी घातला, माज्या डोळ्यांनं बघितला." त्यांनी चित्राखालच्या पट्टीकडं पाहिलं. "अन् नाव तुमी सबंद वाचलं. म्या मुक्तीच्या लढाईत न्हवतो, तवा ल्हान होतो. म्या खडीवरचा मुकादम हाय. पण नाव बरोबर वाचलं तुमी, लई झालं."

पाहुण्यांनी त्यांना पुन्हा हात जोडले, या वेळी तसबिरीला नाही, माणसाला. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. मी रडत होते, आणि कुणी बघतंय की नाही याची मला अजिबात पर्वा नव्हती.

मग काकूंचा आवाज आला, "मंग आमाला कामून न्हाई? आमी काय घोडं मारलं?"

लातुरात मेलं तरी चालेल म्हणणाऱ्या त्याच काकू! पण हार तर एकच. पाहुणेही गमतीत आले होते. त्यांनी आबांच्या तसबिरीवरचा हार काढला आणि विचारलं, "पुढचं नाव?" आबांना सांगावं लागलं नाही. कामावर सकाळी हजेरीला उभे राहायचे तसे ते हॉलच्या मध्यावर उभे राहिले आणि एकेकाचं नाव पुकारायला लागले. ज्याचं नाव येई तो "हाय!" म्हणून आपल्या चित्राशेजारी जाऊन उभा राही, आणि पाहुणे हार घालत. तो संपला की हार पुढच्या चित्रावर. वस्तीतल्या चित्रावरून जमीनवाल्यांच्या चित्रावर, तिथून पुन्हा वस्तीतल्या. कुणी हा हार कुणाचा उतरलेला म्हणून विचारलं नाही. काकूंच्या तसबिरीवरून काढायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा वो, माजं बघून व्हायचंय." पाहुणे मुकाट्यानं थांबले.

पुढं माझ्या भावाची चित्रं नांदेडला लागली, पुण्याला लागली, मुंबईच्या मोठ्या दालनांतही लागली. तिथं लोक हळू आवाजात बोलतात, हातातल्या पुस्तिकेत बघून मान हलवतात. मी प्रत्येक ठिकाणी गेले आहे आणि प्रत्येक ठिकाणी अनोळखी माणसांना 'मी त्याची बहीण' म्हणून सांगितलं आहे. माणसांच्या चित्राखाली तो अजून पूर्ण नाव लिहितो. एका जाणकारानं त्याला विचारलं, हे कुणाकडून घेतलं? तो म्हणाला, एका मुकादमाकडून. पण त्या शाळेच्या हॉलमधल्यासारखं प्रदर्शन मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या दिवशी लोक पांगले, गावाकडची मंडळी चहाला गेली. हॉलमध्ये आम्हीच उरलो, आबा, भाऊ, माय आणि मी. आबांनी कोटाची वरची बटणं काढली होती. आधी ते आभाळांच्या चित्रांपुढून हळूहळू फिरले. टँकरच्या चित्रासमोर थोडे थांबले. मग आपल्या चित्रासमोर आले, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट, सावकाश बघत राहिले. भाऊ त्यांच्या मागं उभा होता. तो इतका घाबरलेला मी त्याच्या परीक्षेच्या निकालालाही पाहिला नव्हता.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तर मी कोटातलं दुसरं काढतो."

आबा चित्राच्या आणखी जवळ गेले. मग चित्रातल्या हातांकडं बोट करून म्हणाले, "हे हात माजे हायेत. कोट शिंप्याचा." आणि भावाकडं वळून, "म्या गेल्यावर मुरुडला फोटू मोठा करायला जाऊ नका. घरात हेच लावा."

मायनं डोळे पुसले. मला राहवलं नाही. "आबा, आजच्या दिवशी तरी शुभ बोला की!"

"शुभच तर बोलून राह्यलो, बाई," आबा म्हणाले.